उसातली पिल्ले आणि आमचे फोटो



आपला तालुका जुन्नर. आपल्याकडे ऊस पुष्कळ आणि बिबटेही पुष्कळ. यंदा तोडीच्या वेळी आमच्या उसात बिबट्याची तीन पिल्ले सापडली. त्यांचे फोटो काढताना आमच्या हातून चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

पिल्ले उसात का असतात ते आधी सांगते. बिबट्याची मादी पिल्ले घालायला आडोशाची जागा शोधते. डोंगरात कपार नाहीतर दाट झुडूप असते. आपल्याकडे तिला ऊसच जंगल वाटतो. ऊस माणसापेक्षा उंच होतो. आत कोणी शिरत नाही. पाणी जवळ असते. खायला कुत्री आणि डुकरे मिळतात. पण दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की तोड लागते. फड मोकळा होत गेला की लपवलेली पिल्ले उघडी पडतात.

मादीला एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्ले होतात. जन्मताना पिल्लू साधारण अर्धा किलो वजनाचे असते. डोळे मिटलेले असतात. ते आठ-दहा दिवसांनी उघडतात. रंग काळपट राखाडी असतो. ती आईच्या दुधावर वाढतात. रात्री आई शिकारीला जाते. दिवसा माणसांचा गलका ऐकला की ती बाजूला सरकते आणि लपून बसते. म्हणून पिल्ले एकटी दिसतात. एकटी दिसली तरी आईने ती टाकलेली नसतात.

आता आमची गोष्ट. तोडणाऱ्या एका मावशींना पाचटात पिल्ले दिसली. सगळ्यांना वाटले मांजरीची आहेत. माझी आजी बघून म्हणाली, "अगं, ही वाघाची पिल्लं हायेत. राहू द्या तिथंच." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

पण आजीचे कोणी ऐकले नाही. सगळ्यांनी मोबाईल काढले. पोरांनी पिल्ले उचलून मारुतीच्या पारावर आणली. मीही एक मांडीवर घेतले आणि फोटो काढून घेतला. ते मऊ आणि गरम होते. सारखे तोंड उघडून बारीक ओरडत होते. मला वाटले ते माझ्याशी बोलतंय. खरे तर ते आईला बोलवत होते.

माझ्या काकांना फोटोचा नाद आहे. त्यांच्याकडे लांबचे जवळ दिसणारा कॅमेरा आहे. ते कॅमेरा घेऊन आले, पण त्यांनी एकही फोटो काढला नाही. आधी वनखात्याला फोन लावला.

वनखात्याची माणसे आणि जनावरांचे डॉक्टर आले. डॉक्टरांनी पिल्लांचे वजन केले, जखम आहे का ते पाहिले, गोचिडी काढल्या. मग विचारले, "नेमकी कुठे सापडली?" आम्हाला कोणालाच सांगता येईना. आई पिल्ले जिथे ठेवते तिथेच परत शोधायला येते, म्हणून जागा महत्त्वाची. शेवटी त्या मावशींनीच सरी दाखवली, कारण त्यांची मोळी तिथे पडली होती.

संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये पिल्ले ठेवून क्रेट त्या सरीत ठेवले. शेजारी खुंटीला एक कॅमेरा बांधला. समोर काही हलले की तो आपोआप फोटो काढतो. पण त्या रात्री लोक बॅटऱ्या घेऊन बांधावर बघायला गेले. आई आलीच नाही. सकाळी तोडकऱ्यांच्या कोप्यांजवळ तिच्या पावलांचे ठसे दिसले. कोपीत आपल्या वर्गातली मुले झोपतात. आम्ही फोटोसाठी पिल्ले उचलली आणि धोका त्यांच्या दारात गेला. तेव्हा मला फार भीती वाटली.

दिवसभर डॉक्टरांनी पिल्लांना सांभाळले. दुसऱ्या रात्री सरपंचांनी कोणालाही बाहेर पडू दिले नाही. पहाटे तीनला आई आली. तिने क्रेट पाडले आणि एकेक पिल्लू तोंडात धरून तीन खेपा केल्या. कॅमेऱ्यात ते सगळे आले.

लोक म्हणतात, माणसाचा वास लागला की आई पिल्लू घेत नाही. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, तसे नसते. मात्र आई भेटली नाही तर पिल्लाला शिकार कोण शिकवणार? मग त्याला पिंजऱ्यातच राहावे लागते. आपल्या तालुक्यात माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, ते अशाच अडचणीतल्या बिबट्यांसाठी आहे.

रानात पिल्ले दिसली तर काय करायचे ते काकांनी आणि डॉक्टरांनी सांगितले. ते असे:

१. पिल्लाला हात लावू नये. आपण लगेच मागे फिरावे. आई जवळच असते आणि ती अंगावर येऊ शकते.
२. तोड थांबवावी आणि जागेची खूण लक्षात ठेवावी.
३. वनखात्याला कळवावे. १९२६ या नंबरवरही फोन लागतो.
४. फोटोसाठी थांबू नये, गर्दी जमवू नये. वनखात्याच्या माणसांनी परवानगी दिली तरच लांबून काढावा, तोही फ्लॅश न लावता.
५. कुठे सापडली ते मोबाईलवर सगळीकडे पाठवू नये. बघायला आणखी लोक येतात.
६. पिल्लू घरी नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

शेजारी चिकटवलेला फोटो काकांनी तिसऱ्या दिवशी सकाळी काढला. त्यात पिल्लू नाही म्हणून काही मुले हसली. त्यात आडवे पडलेले रिकामे क्रेट आहे आणि मातीत मोठी पावले आहेत. नीट बघा म्हणजे दिसतील.

माझा मांडीवर पिल्लू घेतलेला फोटोही घरी आहे. गुरुजी म्हणाले, "तो लावायचा का?" मी नको म्हणाले.

— इयत्ता ४ थी