खाडीच्या पाण्यातील वीज

पनवेलजवळ गाढी नदी खाडीला मिळते, तेव्हा गोडे पाणी निमूटपणे खाऱ्यात विरून जाते. या विरण्यात ऊर्जा मुक्त होते, याची जाणीव काठावर उभ्या असलेल्याला होत नाही. एक घनमीटर गोड्या पाण्यामागे, आदर्श स्थितीत, सुमारे पाऊण युनिट वीज मिळू शकते; जणू तेच पाणी अडीचशे मीटरांहून अधिक उंचीवरून कोसळावे!

ती पकडण्यासाठी दोन पाण्यांच्या मध्ये निवडक पडदा हवा. खाडीतील कांदळाची मुळे फार पूर्वीपासून बरेचसे मीठ बाहेरच अडवीत आली आहेत. संशोधकही आता लाकूड, कापूस यांतील सेल्युलोजकडे वळले आहेत. या तंतूंवर ऋण भार आणला की त्यांमधील अतिसूक्ष्म वाटांतून सोडियमचे धन आयन पार होतात, क्लोराइडचे ऋण आयन बहुतांशी मागे राहतात. या विभागणीतून वीज मिळते. खनिज तेलापासून बनणारे पडदे महाग पडतात; भाताच्या पेंढ्यातही सेल्युलोज असते, म्हणून या वार्तेचे कोकणात अप्रूप वाटावे.

परंतु प्रयोगशाळेतील स्वच्छ मिठाचे पाणी वेगळे आणि खाडी वेगळी. नॉर्वेत टोफ्ते येथे 2009 मध्ये परासरणावर चालणारे प्रायोगिक केंद्र उभे राहिले. दर चौरस मीटर पडद्यामागे पाच वॉट वीज मिळाली तरच ते परवडणार होते. तो पल्ला गाठता आला नाही आणि 2013 मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला.

पनवेलची अडचण आणखी निराळी. पावसाळ्यात गोडे पाणी मुबलक. पण तेव्हा खाडीचाच खारेपणा घटतो, आणि गाळाने पडदे तुंबणार ते वेगळेच. मे महिन्यात खाडी पुरेशी खारी असते, तर देहरंग धरणाचा तळ दिसू लागतो. तहानलेल्या गावाचे पाणी विजेसाठी खाडीत सोडा, असे कोण म्हणेल?

जपानमध्ये फुकुओका येथे 2025 साली सुरू झालेल्या केंद्राने यातून वाट काढली आहे. तेथे गोड्या पाण्याच्या जागी शुद्ध केलेले सांडपाणी आणि खाऱ्याच्या जागी समुद्रजल गोडे करताना उरणारे तीव्र खारे पाणी वापरतात. पनवेलला सांडपाण्याची वाण नाही. एक कोटी लिटरमागे आदर्श हिशेबाने साडेसात हजार युनिटे होतात. प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही मिळणे कठीण, आणि त्यातूनच पंपांचा खर्च भागवायचा. शिवाय तळोज्याच्या कारखान्यांनी कासाडी नदीची केलेली दशा पाहता, तसले पाणी कोणत्याही पडद्यापर्यंत पोहोचता कामा नये. तेव्हा वीजकेंद्राची भाषा तूर्त राहू द्यावी. एखाद्या सांडपाणी केंद्राच्या आवारात दोन-चार चौरस मीटरांचा सेल्युलोजचा पडदा वर्षभर, बारा महिन्यांच्या पाण्यात ठेवून पाहावा, आणि तो किती वेळा धुवावा लागला याची नोंद करावी.