तुमची वाटी कुठली?

कढी या आठवड्यात होत नाही. तिच्यासाठी ज्यांनी ताक आंबवून ठेवलंय त्यांनी त्यात कणकेची उकडपेंडी करून टाकावी, ताक वाया जायचं नाही.

कारण एक पत्र. बंगळूरुत एकटा राहणाऱ्या एका वाचकानं शिऱ्याच्या भागावर लिहिलंय. पत्र चार ओळींचं, पण चांगलंच वर्मी लागलं. ‘तुम्ही वाटी-वाटी म्हणता. माझ्याकडे तीन वाट्या आहेत आणि तिन्ही वेगळ्या. तुमची कुठली?’ सोबत शिऱ्याचा फोटो. शिरा कसला, कढईत गोळा होऊन बसलेला ढेप्पा, आणि त्यात उलथनं कुणी न धरता उभं!

चूक माझी. ‘एक वाटी रवा, अडीच वाट्या पाणी’ असं लिहून मी पुढं निघून गेलो. त्यानं रवा मोजला मोठ्या वाटीनं. ती रव्यानं माखली म्हणून पाणी घेतलं शेजारच्या छोट्या वाटीनं, तेही मोजून अडीच. म्हणजे माझं अक्षर न् अक्षर पाळलं. स्वयंपाकघरात वाढलेल्याला जे सांगावं लागत नाही तेच नेमकं लिहायचं राहतं, आणि नवशिका तिथंच आपटतो.

प्रश्न डोक्यातून जाईना. शनिवारी दुपारी घरातल्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्या. मुलीनं केकसाठी आणलेला काटा होताच. रिकामी वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. अकरा वाट्या निघाल्या. तुपाची सर्वांत लहान, ७० मिलिलिटरची. खिरीची २२० ची. आमटीच्या सहा एका सेटच्या म्हणून शहाण्यासारख्या १४५ ते १५५ मध्ये. म्हणजे एकाच घरात ‘वाटी’ या शब्दाचा अर्थ तिपटीनं बदलतो, आणि मी महाराष्ट्रभर सांगत सुटलोय!

मोजताना आणखी एक उघडकीला आलं. मी ज्या वाटीनं गेली कित्येक वर्षं रवा-पोहे-तांदूळ मोजतोय, जिच्यावर ही सगळी लेखमाला चाललीय, ती आमची नाहीच. बुडाला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय आणि १९८४ सालची लग्नाची तारीख. पूर्वी भांड्यांच्या दुकानात मशीनच्या पेनानं नाव घालून द्यायचे, तसलं. ती आद्याक्षरं आमच्यात कुणाची नाहीत, खालच्या मजल्यावरही नाहीत. कधीतरी कुणाकडून वाटाण्याची उसळ नाहीतर बेसनाची वडी भरून आली असणार, आणि ‘रिकामी कशी परत द्यायची’ म्हणता म्हणता राहून गेली. ती १५० मिलिलिटरची आहे.

तर वाचकाला सरळ उत्तर: माझी वाटी १५० ची. पण तुमच्याकडे ती नसली तर बिघडत नाही. बिघडतं ते मध्येच वाटी बदलली की. कृतीतली वाटी हे माप नसतंच, ते प्रमाण असतं. एकाला अडीच, एकाला पाऊण, एकाला अर्धं. तिथं तुम्ही करवंटी घ्या नाहीतर पातेलं घ्या.

याचा सगळ्यांना माहीत असलेला दाखला म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद. पोथीत केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ, साखर हे सगळं ‘सवाईनं’ सांगितलंय. सव्वा काय? शेर, किलो, वाटी, काही का असेना. रव्याइतकंच तूप आणि तितकीच साखर, एवढंच त्यातून कळायचं असतं आणि ते शेकडो घरांत बिनचूक कळतं. दुधाचं मात्र घरोघर दुपटीवर जातं, कारण सव्वा दुधात सव्वा रवा फुलत नाही. रोजचा शिरा प्रसादासारखा का लागत नाही, याला माझ्या मते भक्तीइतकंच तूप कारणीभूत आहे. आपण रोज अर्ध्यावर हात आखडतो.

जुनी धान्याची मापंही याच डोक्यानं बनलेली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळा दुपटीचा हिशेब, तोंडी करता येणारा. गावागणिक पायली लहानमोठी व्हायची, पण घरात एकच माप असलं की भागायचं. शिवाय वजनाचा शेर वेगळा आणि मापाचा वेगळा. वजनाचा ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम.

आईच्या वहीत (पाठीमागची पानं दुधाच्या हिशेबाची) गुलाबजामाची कृती आहे: ‘चार आण्यांचा खवा, पावशेर साखर, दोन पैशांची विलायची.’ पैशात मोजलेला खवा! वर्षानुवर्षं मला ते कोडं होतं. साखर पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम, तेवढ्या साखरेच्या पाकाला किती खवा पेलतो ते करून करून ठरवलं. माझ्या अंदाजानं चार आण्यांचा खवा म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास. दशमान वजनं १९५८ पासून यायला लागली आणि १९६२ पर्यंत शेर कायद्यानं गेला, पण भाजीवाला अजून ‘पावशेर देऊ का’ विचारतो आणि २५० ग्रॅम तोलतो. सगळंच सात टक्क्यांनी वाढलं, एकमेकांशी नातं तेच राहिलं, म्हणून शेरातल्या कृती किलोत गेल्या तरी कुणाला काही जाणवलं नाही. आण्यातल्या मात्र बुडाल्या. पुढं १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं, आणि वाटी-चमच्याचं माप छापील पानावरून घराघरात गेलं. मी त्याच वाटेनं चाललोय, फक्त वाटी सांगायला विसरलो.

इथं थांबता आलं असतं, पण मग आणखी तीन पत्रं येतील. कारण प्रमाणाची ही गोष्ट काही ठिकाणी गळते.

पीठ घ्या. त्याच परक्या वाटीत साखर १३० ग्रॅम मावली, रवा १०५. बेसनानं मात्र गंमत केली. चाळून अलगद भरलं तेव्हा ६५ ग्रॅम, आणि डब्यात वाटी खुपसून दोनदा आपटून भरलं तेव्हा ९५. वाटी तीच, बेसन तेच, फरक जवळजवळ निम्म्याचा. बेसनलाडवाला ‘दोन वाट्या बेसन, वाटीभर तूप’ म्हटलं की एकाचे लाडू ताटात पसरतात आणि दुसऱ्याचे वळता वळता फुटतात, ते याच्यामुळं. मग दोघंही तुपाला नाहीतर विस्तवाला दोष देतात. मोदकाच्या उकडीचं तसंच. तांदळाच्या पिठीइतकंच पाणी, हे माप सोप्पं वाटतं, पण पिठी दाबून भरली की उकड घट्ट आणि पाकळ्या चिरणार. पीठ चमच्यानं वाटीत सोडायचं, आपटायचं नाही, वरून सुरीच्या पाठीनं सपाट करायचं. माझ्या सगळ्या कृतींतलं पीठ असंच मोजलेलं धरा. शीग लावायची ती धान्याच्या मापाला, पिठाच्या नाही.

दुसरी गळती पाण्याची, आणि ही मला महागात पडली. घरी वीस माणसं जेवायला होती. रोज वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो, भात छान होतो. मी पाच मोठी भांडी तांदूळ घेतला, दहा भांडी पाण्याचं आधण ठेवलं, तांदूळ वैरले. प्रमाण चोख. भात असा आसट झाला की एका काकूंनी हळूच विचारलं, ‘कुणाला बरं नाहीये का?’

हिशेब नंतर लागला. उघड्या पातेल्यात पाणी दोन वाटांनी जातं. काही तांदूळ पितो, काही वाफ होऊन उडतं. आपल्याकडच्या मऊ भाताला तांदूळ स्वतःच्या साधारण दीडपट पाणी पितो. उरलेलं उडतं. पण उडणारं पाणी तांदूळ किती हे विचारत नाही, ते पातेल्याच्या तोंडावर आणि शिजायला लागणाऱ्या वेळावर ठरतं. वाटीभर तांदळाला दीड वाटी प्यायला, अर्धी उडायला. पाच वाट्यांना साडेसात प्यायला आणि उडायला तीच अर्धी, फार तर जरा जास्त. आठ पुरतात, मी दहाच्या हिशेबानं घातलं. कुकरमध्ये झाकण बंद असल्यामुळं वाफ फारशी जात नाही, म्हणून तिथं रोजचं प्रमाण बऱ्यापैकी टिकतं.

आता आजीची बोटाच्या पेराची रीत बघा. भांड्यात तांदूळ सपाट करायचे, त्यावर बोट टेकवायचं, पहिल्या पेरापर्यंत पाणी. मला ती अडाणी वाटायची. पण तांदळावरचा पाण्याचा तो थर भांड्याच्या तोंडाप्रमाणं आपोआप वाढतो-घटतो, आणि उडणारं पाणीही तोंडाप्रमाणंच उडतं. वाटीला न कळलेली गोष्ट पेराला कळत होती. अर्थात उथळ परातीत नाहीतर उंच डब्यात पेरही चुकतं. नेहमीचं पातेलं हवं.

फोडणीच्या तेलाचंही हेच. ते भाजीवर नाही, कढईच्या बुडावर ठरतं. भाजी दुप्पट केली म्हणून तेल दुप्पट करू नका, दीडपट खूप झालं.

राहिलं मीठ. ‘चवीपुरतं’ हा शब्द नवशिक्यांना किती छळतो ते मला ठाऊक आहे. कच्च्या बटाट्याची चव कशी बघणार? तर एक आकडा देतो. शिजलेल्या पदार्थाच्या वजनाच्या साधारण एक टक्का मीठ आपल्या जिभेला बरोबर लागतं. चहाचा सपाट चमचा ५ मिलिलिटरचा, त्यात बारीक मीठ ६ ग्रॅमच्या आसपास बसतं. म्हणजे अर्धा किलो भाजीला एका चमच्याला थोडं कमी. मिसळणाच्या डब्यातला चमचा त्याहून लहान असतो, तो एकदा चहाच्या चमच्याशी ताडून बघा. खडे मीठ वापरत असाल तर चमच्यात ते कमी मावतं, खड्यांच्या मध्ये हवा असते. जुन्या कृतींतलं ‘चमचाभर मीठ’ आज खारट लागतं ते बरेचदा एवढ्यावरूनच.

मोहनाला मात्र मी आकडा देणार नाही. शंकरपाळ्यांच्या पिठात कडकडीत मोहन घातलं, चोळलं, की मुठीत दाबायचं. मुटका वळला आणि बोटानं ढकलल्यावर फुटला, तर बरोबर. वळलाच नाही तर कमी. गव्हाचं पीठ, मैदा, रवा, प्रत्येक जण वेगळं तेल पितो. इथं मूठ काट्यापेक्षा शहाणी.

बंगळूरुकरांसाठी शिरा पुन्हा, या खेपेला आकड्यांसकट, म्हणजे मापात पाप राहायला नको. रवा एक वाटी, १०५ ग्रॅम. तूप अर्धी वाटी, ६५-७० ग्रॅम. साखर पाऊण वाटी, शंभराच्या आतबाहेर. पाणी, किंवा निम्मं दूध निम्मं पाणी, अडीच वाट्या, ३७५ मिलिलिटर. रवा तुपात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. आधी तो तूप पिऊन जड होतो, मग हळूहळू हलका पडतो आणि कडेला तूप सोडायला लागतो. खमंग वास आला की उकळतं पाणी घाला. कोमट घालू नका, गुठळ्या तिथंच होतात. झाकण, तीन-चार मिनिटं. साखर त्यानंतरच. साखर पाण्याची हावरी असते. आधी घातली तर ती पाणी ओढून घेते आणि रव्याचा कण आत टणक राहतो. साखर पडल्यावर शिरा एकदम सैल होईल, घाबरून रवा वाढवू नका. दोन वाफांत आळतो.

आणि त्या फोटोतला ढेप्पा फेकला नसेल तर त्यात कढत दूध थोडं थोडं घालून झाकून ठेवा, बराचसा सुटतो. सुटला नाही तर थापून वड्या पाडा आणि तव्यावर तुपात परता. माझे पहिले दोन शिरे असेच वड्या होऊन संपले होते.

कढी पुढच्या आठवड्यात, नक्की. ताक दोन दिवसांचं हवं, म्हणजे दही रविवारी लावा. आणि तोवर एक वाटी बाजूला काढून तिच्यात किती पाणी मावतं ते लिहून ठेवा, फ्रिजला चिकटवा. कढीला बेसन चमच्यानं मोजायचंय, वाटीनं नाही.