नदीचे गाणे, संथ ठेक्यावर

‘किमेय नेउकेन’ हे अर्जेंटिनातल्या पातागोनियाचे गाणे. शब्द मिल्तोन आगिलार यांचे, चाल मार्सेलो बेर्बेल यांची. मापुचे आदिवासींच्या ‘लोंकोमेओ’ या नृत्याचा ठेका लोकसंगीतात रुजवण्याचे मोठे श्रेय बेर्बेल यांना जाते. नेउकेन ही नदी. ती आणि लिमाय एकत्र येतात तिथून रिओ नेग्रो सुरू होते; संगमावरच्या शहराचे नावही नेउकेनच.

हे गाणे दूरवर पोहोचले ते होसे लाराल्दे यांच्या आवाजात. जन्म 1937 चा, ब्वेनोस आयरेस प्रांतातला. त्यांचा खर्जातला, भारदस्त आवाज आणि सोबतीला गिटार, एवढेच पुरेसे होते.

ब्वेनोस आयरेसचा संगीतकार पेद्रो कानाले ‘चांचा विया सिर्कुइतो’ या नावाने काम करतो. त्याने केलेले या गाण्याचे रीमिक्स 2010 च्या ‘रिओ आरिबा’ या अल्बममध्ये आहे. रीमिक्स म्हटले की वेग वाढवून गाणे नाचते करायचे, ही आपल्याकडची सवय. कानालेने तो मोह टाळला. ढोलांचा सावकाश ठेका, खाली घुमणारा बेस, आणि लाराल्दे यांचा आवाज मधोमध. लोकगीताला हात लावावा तर असा! हेडफोन लावून ऐकले तर दोन शब्दांमधली शांतताही जाणवते.

2013 मध्ये ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेच्या ‘बरीड’ या भागात वाळवंटातल्या प्रसंगामागे हेच रीमिक्स वाजले आणि स्पॅनिश न कळणारे असंख्य श्रोते लाराल्दे यांच्या मूळ ध्वनिमुद्रणापर्यंत पोहोचले.