सुरू करायला एक मिनिट, बंद करायला महिना!

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा येतो. आई चार घरची धुणीभांडी करते. सराव परीक्षांच्या एका ॲपची 'फक्त १ रुपयात सात दिवस' अशी जाहिरात त्याने पाहिली आणि आईच्या खात्याला जोडलेल्या यूपीआयवरून एक रुपया भरला. आठव्या दिवशी खात्यातून ४९९ रुपये गेले. घाबरून त्याने ॲप फोनमधून काढून टाकले. पुढच्या महिन्यात पुन्हा ४९९ गेले. तिसऱ्या महिन्यातही गेले, तेव्हा तो माझ्याकडे आला. "ताई, ॲपच नाही तर पैसे कसे जातात?"

आम्ही ॲप पुन्हा घेतले आणि 'रद्द करा' शोधायला बसलो. तो पर्याय तीन पाने आत होता. तिथे आधी 'का सोडताय?' असे विचारले. मग निम्म्या किमतीची सवलत पुढे केली. त्यानंतर दोन बटणे आली. 'पुढे चालू ठेवा' हे मोठे आणि ठळक. दुसरे फिकट राखाडी, त्यावर 'नको, मला तयारी सोडायची आहे' या अर्थाचे वाक्य. तेही दाबले, तर 'आम्हाला ईमेल करा' असा निरोप आला. सगळे इंग्रजीत. यात चाळीस मिनिटे गेली. एक रुपया भरायला त्याला एक मिनिटही लागले नव्हते.

मला पैशांपेक्षा त्याचे एक वाक्य जास्त लागले. "माझंच चुकलं, म्हणून आईला सांगितलं नाही." म्हणूनच हे लिहिते आहे.

हा गोंधळ नाही, ही रचना आहे

सेवा घेण्याची वाट सपाट आणि सोडण्याची वाट खाचखळग्यांची, हे आपोआप होत नाही. ते ठरवून केले जाते. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. आपण विसरू, कंटाळू किंवा लाजू, या तिन्हींवर कंपनीचा हिशोब चालतो. महिन्याला ४९९ रुपयांसाठी कोण भांडत बसणार? पण असे हजारो जण गप्प बसले की त्यातून मोठी रक्कम उभी राहते.

याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याला इंग्रजी सहज येते, ज्याच्याकडे वेळ आहे, तो कटकट करून का होईना सुटतो. ज्याच्या घरात स्मार्टफोन वापरणारी ही पहिलीच पिढी आहे, तो स्वतःलाच दोष देतो. दोष स्वतःकडे घेतला की तक्रार होत नाही आणि तक्रार झाली नाही की रचना तशीच राहते.

नियम काय सांगतात?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. त्यातला एक 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', म्हणजे वर्गणीचा सापळा. रद्द करणे अशक्य किंवा लांबलचक करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, त्याच्या सूचना संदिग्ध ठेवणे, मोफत वर्गणीसाठी आपोआप पैसे कापण्याची परवानगी सक्तीने घेणे, हे सगळे त्यात येते. नकार देणाऱ्याला लाज वाटेल असे वाक्य लिहिणे हा वेगळा प्रकार आहे. त्याला 'कन्फर्म शेमिंग' म्हणतात. 'मला तयारी सोडायची आहे' हे त्याचेच उदाहरण.

दुसरा आधार रिझर्व्ह बँकेचा. कार्ड किंवा यूपीआयवरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीला 'ई-मॅन्डेट' म्हणतात. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे, आणि परवानगी कधीही मागे घेण्याची सोय असली पाहिजे, असा नियम आहे. मात्र एकदा परवानगी दिली की साधारण १५,००० रुपयांपर्यंतच्या वर्गणीसाठी दर वेळी ओटीपी किंवा पिन लागत नाही. म्हणून तो आगाऊ संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नका.

पैसे का जात राहतात?

ॲप फोनमधून काढणे आणि वर्गणी रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे कापण्याची परवानगी ॲपमध्ये नसते. ती तुमच्या यूपीआय, कार्ड किंवा ॲप स्टोअरच्या खात्यावर नोंदलेली असते. एक रुपया भरताना त्या मुलाने पिन टाकला, तेव्हा पडद्यावर कमाल रक्कम आणि 'दरमहा' असे लिहिलेले होते. त्याने फक्त १ हा आकडा वाचला. बहुतेक जण तेवढेच वाचतात.

बंद करण्याचा क्रम

१. आधी पैसे कुठल्या मार्गाने गेले ते बँकेच्या संदेशात पाहा.

२. यूपीआय असेल, तर ज्या यूपीआय ॲपमधून परवानगी दिली त्यात प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' शोधा. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते. नको असलेली निवडून रद्द करा. पिन टाकावा लागेल. हा पिन परवानगी काढण्यासाठी आहे.

३. ॲप स्टोअरमधून घेतली असेल, तर अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये आणि आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स' असते.

४. कार्डावरून जात असतील, तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर ई-मॅन्डेटची यादी पाहा.

५. परवानगी काढली तरी कंपनीकडेही वर्गणी रद्द करा आणि ईमेल पाठवा. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

आणि एक इशारा. गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन करू नका. असे अनेक नंबर भामट्यांचे असतात. पैसे परत मिळवण्यासाठी पिन, ओटीपी किंवा फोनचा पडदा दाखवणारे ॲप कधीच लागत नाही. फसलातच, तर ताबडतोब १९३० वर कळवा.

गेलेले पैसे

बँक म्हणेल, 'परवानगी तुम्हीच दिली होती.' म्हणून आधी कंपनीकडे लेखी मागणी करा. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. मराठीत बोलता येते. तक्रारीत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा शब्द आणि २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. परवानगी मागे घेऊनही पैसे कापले गेले आणि बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

त्या मुलाची परवानगी यूपीआय ॲपमधून दोन मिनिटांत रद्द झाली. १९१५ वर तक्रार केल्यावर कंपनीने शेवटच्या महिन्याचे ४९९ रुपये परत दिले. आधीच्या दोन महिन्यांचे ९९८ मिळाले नाहीत. त्याने आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर दोन महिने वाचले असते."

पुढच्या रविवारी अभ्यासिकेत आम्ही सगळ्यांनी आपापली ऑटोपेची यादी उघडून पाहिली. बऱ्याच जणांना तिथे विसरलेले काही ना काही सापडले. मित्रांनो, या रविवारी तुमच्या वस्तीतही हे करा. स्वतःचा फोन तपासून झाला की आईवडिलांचाही तपासा.