बोर्डिंगात घडलेले गुरुजी

नगर जिल्ह्यातल्या कर्जतला रयत शिक्षण संस्थेचं दादा पाटील महाविद्यालय १९६४ साली निघालं. कर्मवीर भाऊराव पाटलांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. दुष्काळाची सवय झालेल्या या तालुक्यात कॉलेज आलं याचं कौतुक पुष्कळ झालं. मला मात्र वेगळीच उत्सुकता आहे. खासगी संस्थांच्या शाळा-कॉलेजांत शिकवायला आणि त्या चालवायला आलेली माणसं स्वतः कुठे घडली होती?

आपल्या जिल्ह्यापुरता हा धागा फार मागे जातो. ख्रिस्ती मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार १८३९मध्ये नगरला आल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचे धडे घेतले ते त्यांच्याकडे, नंतर पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये. शिकवणं आधी शिकावं लागतं, ही जाण इथे तेव्हापासूनची आहे.

पुण्यात १८८०ला निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमधल्या चिपळूणकर, टिळक, आगरकर यांची वाट निराळी. आगरकर तर एम.ए. झालेले, सरकारी नोकरी सहज मिळाली असती. विद्यापीठाची पदवी आणि वीस वर्षं संस्थेला देण्याची शपथ, एवढी या शाळेतून पुढे उभ्या राहिलेल्या संस्थेच्या आजीव सभासदांची शिदोरी.

भाऊरावांकडे पदवी नव्हती. इंग्रजी सहावीच्या पुढे ते गेले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर विकले, ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी हिंडले. खेड्यातला माणूस त्यांना कळला तो या फिरतीत, असं मला वाटतं. १९१९ला काल्याला रयत शिक्षण संस्था, १९२४ला साताऱ्याचं बोर्डिंग. त्या बोर्डिंगात जातीजातींची पोरं एकाच पंगतीला जेवत, अंगमेहनत करून शिकत. शाळा वाढवायच्या तर शिक्षक बाहेरून किती आणणार? म्हणून १९३५ला त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज काढलं. पुढे १९५५ला माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज निघालं. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, ते साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. वकिलीत पैसा मिळाला असता. रयत सेवकाची बदली संस्थेच्या कुठल्याही शाखेत होई, त्यामुळे एका जिल्ह्यातला अनुभव दुसऱ्या जिल्ह्यात पोचे.

१९७७चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ची नियमावली आली, तेव्हा पात्रता, सेवाज्येष्ठता, वेतन सगळं कागदावर आलं. मुख्याध्यापक व्हायला पदवी, प्रशिक्षण आणि अनुभवाची वर्षं लागू लागली. शिक्षकाला संस्थाचालकाच्या मर्जीपासून संरक्षण मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पुढे शिक्षणसेवक म्हणून मानधनावरची तीन वर्षं, २०१३पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठी पवित्र पोर्टल. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२चा कायदा आल्यावर अनुदानाविना चालणाऱ्या शाळांना वाट मोकळी झाली. तिथला मुख्याध्यापक कोणत्या तयारीने त्या खुर्चीवर बसतो, याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. मला ही गोष्ट सलते.

परीक्षा विषयाचं ज्ञान तपासते. पोरांबरोबर पहाटे उठून, त्यांचा स्वयंपाक-पाणी सांभाळून, फी न भरता आलेल्याला वर्गात ठेवण्याची धडपड करून जे येतं, ते परीक्षेत उमटत नाही. तसं घडलेले निवृत्त गुरुजी आणि बाई कर्जतमध्ये, मिरजगावात, राशीनला शोधले पाहिजेत. त्यांना बसवून विचारावं: कुठल्या बोर्डिंगात होतात, पहिली नेमणूक कुठली, पहिला पगार किती, आणि मुख्याध्यापक झालात तेव्हा शाळेला छप्पर होतं का?