भात, रात्रीची पाळी आणि रक्तातली शुगर : बंदीच्या दोन महिन्यांत एवढं वाचाच



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. बोटी शाकारून झाल्या, जाळी घरात आली. आता इंजिनाचं काम, रंगकाम, जाळी विणणं सुरू होईल. बोटीची तपासणी आपण दरवर्षी न चुकता करतो. बोटीवर जाणाऱ्या माणसाच्या तपासणीचं मात्र राहून जातं. म्हणून या वेळी शुगरबद्दल सविस्तर लिहीत आहे. लेख जरा मोठा आहे. नाखवा, तांडेल, खलाशी आणि बाजार करणाऱ्या आपल्या बायका, सगळ्यांनी वाचावा.

बंदरावर शुगरचा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "मी गोड खातच नाही." "मी सुकडा माणूस, मला कशी होईल?" "आपण मेहनत करतो, हा बसून खाणाऱ्यांचा रोग." तिन्ही एकेक करून बघू.

१) "मी गोड खातच नाही"

भात, भाकरी, चपाती, पाव, बटाटा, पोहे, बिस्कीट या सगळ्यात कर्बोदकं म्हणजे पिष्ट पदार्थ असतात. पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते आणि ती रक्तात उतरते. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन ही साखर रक्तातून काढून स्नायूंत आणि यकृतात पोचवतं. तिथे काही साठा राहतो, तो काम करताना वापरला जातो. साठा भरला की उरलेल्या साखरेची चरबी होते. ती पोटावर आणि यकृतात बसते. यकृतात चरबी बसली की इन्सुलिनचं काम अवघड होतं, मग शरीराला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. अशी काही वर्षं गेली की स्वादुपिंड दमतं आणि रक्तातली साखर वाढलेलीच राहते.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. ताटात तीन मोठ्या वाट्या भात, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धरला, तर सव्वाशे ग्रॅम झाली. गोड एक कणही खाल्लं नाही तरी रक्तात एवढी साखर येणारच. आणि भात सोडून तांदळाची भाकरी धरली तर फरक काही नाही, तीही तांदूळच.

"मग नाचणी खातो," असं पुष्कळ जण म्हणतात. इथे बडोद्याचं एक काम सांगायला हवं. गुजरातच्या गाडीने जाणाऱ्यांना बडोदा स्टेशन माहीत आहे. स्टेशनबाहेरचा भाग म्हणजे सयाजीगंज, आणि त्याला लागूनच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा परिसर. हे विद्यापीठ १९४९ मध्ये झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. तिथे पूर्वी होम सायन्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेत आहारशास्त्राचा जुना विभाग आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रा. यू. व्ही. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे आपल्या पश्चिम भागातली धान्यं डायबेटीसच्या रुग्णांना मोजून खायला दिली आणि रक्तातली साखर किती वाढते ते बघितलं. तुलना थेट ग्लुकोजशी केली.

निकाल असा आला : सगळ्यांत कमी साखर बाजरीने वाढवली. कोद्रा, ज्याला कोकणात हरीक म्हणतात, त्यानेही ग्लुकोजपेक्षा कमी वाढवली. मूग घालून दिला तेव्हाही कमीच. पण ज्वारी आणि नाचणी यांच्यात आणि ग्लुकोजमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही.

याचा अर्थ नाचणी वाईट असा घेऊ नका. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, तंतू आहेत, पोरांना आणि बायकांना ती हवीच. धान्य किती बारीक दळलं, कसं शिजवलं, यानेही आकडे बदलतात. पण "नाचणी आहे, कितीही खा" हे चुकीचं आहे. पातळ आंबील दोन तांबे प्यायली तर साखर चढणारच. धान्य कुठलंही असो, किती खाल्लं आणि कशाबरोबर खाल्लं हे बघावं लागतं.

"कशाबरोबर" यात आपली बाजू भक्कम आहे. मासळीत कर्बोदकं जवळजवळ नसतात. प्रथिनं भरपूर, आणि बांगडा, तारली यांत हृदयाला चांगलं तेल. जपानमध्ये २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डायबेटीसवाल्यांना आणि निरोगी माणसांनाही तोच भात, तीच मासळी दिली, फक्त क्रम बदलला. मासळी आधी आणि भात नंतर खाल्ला तेव्हा जेवणानंतरची साखर कमी वाढली, कारण अन्न पोटातून हळू पुढे सरकलं. याला पैसा लागत नाही. ताटात आधी कालवणातल्या तुकड्या आणि भाजी खायची, भात शेवटी घ्यायचा. आपल्याकडे उलटं चालतं : भाताचा डोंगर, त्यावर कालवणाचा रस, आणि तुकडी एकच.

२) "मी सुकडा माणूस"

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचा सारखाच, २२.३. म्हणजे दोघेही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. आपल्या लोकांत हे फार दिसतं. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी आत पोटात. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबरेचं माप बघा. पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की तपासणी करून घ्यायची.

हा रोग किती पसरलाय तेही बघा. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर. सगळ्यांत जास्त प्रमाण निघालं गोव्यात, २६.४ टक्के. आपल्यासारखाच मासळी-भात खाणारा किनारा. दोष एकट्या भाताचा नाही, पण मासळी खाणाऱ्याला शुगर होत नाही हा समज तरी सोडावा.

३) "आपण मेहनत करतो"

मेहनत खरी आहे. जाळं ओढताना स्नायू साखर खेचून घेतात, याचा फायदा मिळतोच. पण आपल्या धंद्यात झोप मोडते, आणि तिचा हिशोब कोणी धरत नाही.

अमेरिकेत शिकागोला १९९९ साली एक प्रयोग झाला. ११ धडधाकट तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. एवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद घसरली. ही पोरं आजारी नव्हती, जाडही नव्हती. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं कमी होतं. म्हणून जागरणानंतर गोड, तळलेलं, बिस्कीट असंच खावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. शरीरात एक घड्याळ असतं. त्याचं काम पेशींमध्ये कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळाप्रमाणे रात्री शरीर साखर कमी पेलतं. सकाळी आठला खाल्लेला भात आणि रात्री दोनला खाल्लेला तेवढाच भात, यात रात्रीचा साखर जास्त चढवतो. २०२१ मध्ये अमेरिकेतच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रात्रपाळीसारखं जागवलेल्या तरुणांपैकी जे रात्री जेवले त्यांची साखर वाढली. जागे तेही होते, पण दिवसाच जेवले, त्यांची तशी वाढली नाही.

आता आपलं बघा. डोलवाल्यांना भरती-ओहोटी बघून निघावं लागतं, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कारखान्यातल्या माणसाची पाळी आठवडाभर तरी एक असते, आपली रोज बदलते. ट्रॉलरवर दहा-पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांची झोप. बायका पहाटे लिलावाला, मग डोक्यावर पाटी, बाजार, घरी येऊन स्वयंपाक. त्यांच्या झोपेचा तर विचारच होत नाही. पाणी सोडून धंदा करता येणार नाही, पण पुढच्या गोष्टी हातात आहेत.

बोटीवर काय करता येईल

मालकांनी सामान भरताना :
• तांदळाबरोबर मूग, मटकी, चणे आणि शेंगदाणे द्या. भिजवलेले चणे रात्रीच्या पाळीला बिस्किटांपेक्षा बरे.
• कांदा, टोमॅटो, काकडी, कोबी चार-पाच दिवस टिकतं. बटाटा भाजीत धरू नका, तो भाताच्या हिशोबात.
• साखर मोजून द्या. दोन चमच्यांचा चहा, दिवसात आठ कप, म्हणजे ८० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिलं तर उत्तम. चहा अर्धा कप आणि अर्धा चमचा करा.
• कोल्ड्रिंक आणि 'ताकदीची' पेयं देऊ नका. जागं ठेवतात, पण साखर ओततात आणि पुढची झोप घालवतात.

खलाशांनी :
• मुख्य जेवण शक्यतो उजेडात करा. रात्री जाळं ओढायचं असेल तर थोडं खा : उकडलेलं अंडं, चणे, मासळीचा तुकडा. भाताचं पूर्ण ताट सकाळी.
• चहा झोपेच्या पाच-सहा तास आधी बंद.
• तांडेलाने पाळ्या अशा लावाव्या की प्रत्येकाला एकदा तरी सलग चार-पाच तास झोप मिळेल. राहिलेली दोन-अडीच तासांची दुसऱ्या खेपेत. चोवीस तासांत सात तास व्हायला हवेत.
• दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी दारू घेतली तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं.
• मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा आणि दिवसा पेंगणारा कोणी असेल तर डॉक्टरला दाखवा. त्यानेही शुगर आणि बीपी वाढतं.
• सुकी मासळी धुऊन, भिजवून घ्या. तिच्यातलं मीठ बीपीवाल्यांना बाधतं.

ज्यांना शुगर आहे त्यांनी समुद्रावर जाताना

हा भाग कृपया दोनदा वाचा.

पहिलं, तांडेलाला सांगा. लाजू नका. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन जेवण चुकलं तर साखर खाली येते. घाम, थरथर, चक्कर, बरळणं अशी लक्षणं. वाऱ्यात फळीवर उभा असताना असं झालं तर माणूस पाण्यात जाईल. लक्षण दिसताच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब किनारा गाठा. ग्लुकोजचं पाकीट प्रत्येक बोटीवर प्रथमोपचाराच्या डब्यात हवं.

दुसरं, इन्सुलिन मासळीच्या बर्फात ठेवू नका. गोठलं की वाया गेलं, ते वितळवूनही वापरायचं नाही. बर्फाला थेट लागणार नाही असं, डब्यात कापडात गुंडाळून, सावलीत ठेवा.

तिसरं, पाय. शुगर जुनी झाली की पायांची जाणीव कमी होते. शिंगाळ्याचा काटा, गंजका गळ, शिंपला लागलेला कळत नाही. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू अशा जखमेत फार झपाट्याने पसरतात आणि पाय कापायची वेळ येते. अनवाणी काम नको. काम संपलं की गोड्या पाण्याने पाय धुऊन, पुसून, तळवे बघा. स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्याला बघायला सांगा. जखम लाल होऊन सुजली, ताप आला, तर ट्रिप संपायची वाट बघू नका.

बंदीच्या महिन्यांत

बंदीत काम कमी होतं, पण ताट तेवढंच राहतं. जाळी बसून विणायची, मध्ये चहा, वडे. म्हणून या दोन महिन्यांत भात निम्मा करा आणि राहिलेली जागा भाजी, डाळ, मासळीने भरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलेलं प्रमाणही असंच आहे : धान्याचा वाटा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत, आणि ताटाचा साधारण अर्धा भाग भाज्या-फळं. जेवल्यावर १५ मिनिटं चाला. आणि घरात झोपायला मिळतंय तर रोज एकाच वेळी झोपा.

३० वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आकडे लक्षात ठेवा : उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा वर म्हणजे डायबेटीस, मात्र ते दुसऱ्यांदा तपासून पक्कं करायचं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा वर आली तरी तेच. उंबरठ्यावर असलेला माणूस खाणं, झोप आणि वजन सांभाळून पुष्कळदा मागे येऊ शकतो. चालू असलेल्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरला विचारा, डोस बदलावा लागतो.

नाखवा मंडळींना विनंती : नारळी पुनवेला नारळ सोडण्याआधी आपल्या बोटीवरच्या प्रत्येक खलाशाची, आणि त्याच्या घरच्या बाईचीही, एकदा तपासणी करून घ्या. रिपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहू दे. कोणाला इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत एवढं तांडेलाला माहीत असलं म्हणजे झालं.

आपला,
सचिव