जुन्या लुगड्याचे मोल आणि निवडणारे हात

कोल्हापूर : रविवारी लक्ष्मीपुरीत आठवडी बाजार भरतो, सोमवारी पेठवडगावात. भाजीपाला, धान्य आणि मिरचीच्या गर्दीकडे पाठ करून अशा एखाद्या बाजाराच्या कडेने चालत गेले, की ताडपत्रीवर मांडलेले एक निराळेच दुकान दिसते. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला झाकण आणि कडी बसवून केलेला धान्याचा डबा, टायरच्या तळव्याची चप्पल, धुऊन इस्त्री केलेले जुने शर्ट आणि घडी घालून रचलेल्या रंगीबेरंगी वाकळा. पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात, तीच इकडची वाकळ.

या मालातील बराचसा भाग कधी काळी आपल्यासारख्यांच्याच घरातून बाहेर पडलेला असतो. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आपण शाळेच्या हस्तकला प्रदर्शनापासून ऐकत आलो आहोत. टाकाऊ आणि टिकाऊ या दोन शब्दांच्या मध्ये कोणाचे श्रम असतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. जुन्या वस्तूंच्या बाजारातील भाव समजून घ्यायचा, तर तेथूनच सुरुवात करावी लागते.

कपड्यांवर भांडी

जुन्या कपड्यांचा हा व्यवहार अनेक शहरांत आजही बोहारणीच्या टोपलीपासून सुरू होतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मूळच्या गुजरातेतील वाघरी, म्हणजेच देवीपूजक, समाजातील स्त्रिया पिढ्यानपिढ्या हा व्यवसाय करीत आल्या आहेत. पातेल्यासाठी एक साडी जास्त मागणारी बोहारीण आणि ती न देणारी गृहिणी यांची घासाघीस मराठी वाचकाला नवी नाही. तिचे खरे काम मात्र आपले दार बंद झाल्यावर सुरू होते.

गोळा केलेल्या गाठोड्याची निवड होते. धडके कपडे वेगळे काढले जातात. उसवलेली शिवण घातली जाते, बटणे लावली जातात, धुऊन इस्त्री होते आणि ते कपडे कमी उत्पन्नाच्या ग्राहकासाठी पुन्हा बाजारात येतात. खऱ्या जरीच्या साडीचा मार्ग वेगळा. तिची जरी जाळून त्यातील चांदी काढली जाते. जे नेसण्याजोगे उरत नाही, त्याच्या चिंध्या होतात. त्यातही सुती चिंधीला मागणी अधिक, कारण ती तेल आणि ग्रीस चांगले शोषून घेते. शिवाजी उद्यमनगरासारख्या वसाहतींत, वर्कशॉपांत आणि गॅरेजांत यंत्र पुसायला लागते ती हीच चिंधी. म्हणजे एका जुन्या साडीला निदान चार गिऱ्हाइके असतात. ती कोणाकडे जाणार, हे निवडणारा हात ठरवतो.

वाकळेचा हिशेब

यातील सर्वांत कष्टाचा मार्ग वाकळेचा. मऊ झालेले सुती लुगडे वरच्या आणि खालच्या बाजूला, मध्ये जुनी धोतरे, परकर, चादरी यांचे थर आणि या सर्वांना धरून ठेवणारा हाताचा धावदोरा. विरलेल्या जागी रंगीत ठिगळे बसतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. मुळात ती डागडुजी असते.

बाजारात वाकळेची किंमत ऐकून ‘जुन्या कपड्यांचे एवढे पैसे?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यासाठी साधा हिशेब करून पाहावा. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद वाकळेचे जेमतेम तीन थर त्यातून निघतात. धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन सेंटीमीटरवर घातल्या, तर पंचाहत्तर ओळी होतात आणि टाक्यांची एकूण लांबी भरते दीडशे मीटर. टाका सेंटीमीटरभराचा धरला, तर एका वाकळेत पंधरा हजार टाके. समजा, एवढ्या कामाला चाळीस तास लागले आणि तासाला पन्नास रुपये मजुरी धरली, तरी नुसती शिलाईच दोन हजारांवर जाते. कापड, दोरा आणि बाजारापर्यंतचे गाडीभाडे निराळे. घासाघीस होते ती जुन्या कापडावर. कमी होते ती मात्र बाईची मजुरी.

या कामापुढे आणखी एक अडचण आहे. नऊवारी नेसणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या आणि घराघरांत कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. असे कापड घाम टिपत नाही, वापराने सुती लुगड्यासारखे मऊ पडत नाही आणि शिवताना थर सरकतात. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे हा जिल्हा वस्त्रोद्योगासाठी ओळखला जाऊ लागला. त्याच जिल्ह्यात वाकळेसाठी जुने, मऊ सुती कापड मिळवणे आज अवघड होऊन बसावे, हा काळाचा फेर म्हणायचा.

निवड नसेल तर ओझे

जुने कपडे फुकट देण्याचाही एक मार्ग आहे. इराणमधील मशहद शहरात २०१५ मध्ये गाजलेल्या भिंतीच्या धर्तीवर ‘माणुसकीची भिंत’ महाराष्ट्रातील अनेक शहरांत उभी राहिली. कोल्हापुरातही दिवाळीच्या सुमारास सीपीआर चौकात या उपक्रमाला प्रतिसाद मिळाला. नको असलेले आणून ठेवावे, गरजूने हवे ते न्यावे, अशी ही साधी कल्पना. ती यशस्वी होते ती कपडे लावून, निवडून, मापाप्रमाणे मांडणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे.

निवड झाली नाही, तर काय होते, हे कोल्हापूर-सांगलीने ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाहिले. मदतीचा ओघ मोठा होता. परंतु त्यात फाटक्या, न धुतलेल्या कपड्यांचे ढीगही आले आणि जुने कपडे पाठवू नका, असे आवाहन करण्याची वेळ आली. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही हेच घडले होते. तेथे रस्त्याकडेला पडलेले कपडे उचलून, निवडून उपयोगात आणण्याचे काम ‘गूंज’ या १९९९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने केले. जो कपडा बोहारीण परत करील, तो दानात देऊ नये, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

बाजारात गेल्यावर

जुना कपडा घेताना तो उजेडासमोर धरावा; विरलेली जागा लगेच दिसते. काख, कॉलर आणि चेनची पट्टी आधी तपासावी. वाकळ घेताना ती हातांत घेऊन वजन पाहावे, आत कोणते कापड घातले आहे ते विचारावे आणि कडेचे व कोपऱ्याचे टाके ओढून पाहावेत, कारण ती उसवते ती बहुधा तेथूनच. घरी आणल्यावर गरम पाण्यात धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. घरातले सुती लुगडे हाताशी असेल, तर ते देऊन शिलाई ठरवून घेणे अधिक चांगले. त्यात कापडाची खात्री असते आणि आपण नेमके कशाचे पैसे देतो आहोत, तेही स्वच्छ राहते.

भाव करू नये, असे कोणी म्हणणार नाही. तो बाजाराचा धर्मच आहे. मात्र वाकळेची घडी उलगडून टाक्यांच्या ओळींवरून एकदा हात फिरवावा आणि मग आकडा बोलावा.